त्रेपन्न मतं, फ्रान्सच्या पद्धतीनं

१

रविवार, दहा डिसेंबर एकोणीसशे तेहतीस. रत्नागिरीतल्या खालच्या आळीच्या वाचनालयात साडेपाचला मतमोजणी संपली आणि सहाला हुसेन शिपाई चोर ठरला. मधल्या अर्ध्या तासात कुणी काडीचा पुरावा दिला नव्हता. पण चार शहाणी माणसं एकत्र बसली की पुरावा मागतो कोण?

मथुराबाई लिमये हे सगळं चिकाच्या पडद्याआडून बघत होती. मुलींच्या शाळेतली ही मास्तरीण विधवा होती, वय छत्तीस, आणि राग नाकाच्या शेंड्यावर. वाचनालयात बायकांना सभासद होता येत नसे. व्याख्यान ऐकायचं तर पडद्यामागच्या बाकावर बसून ऐकायचं, पुस्तक हवं तर नवऱ्याच्या नाहीतर भावाच्या नावावर मागवायचं. मथुराला दोन्ही नव्हते.

या निवडणुकीचं मूळ फ्रान्समध्ये होतं. इंग्रजी शाळेतले इतिहासाचे सोहोनी मास्तर गेल्या महिन्यात चार रविवार बोलले होते, विषय एकच: अठराशे अठ्ठेचाळीस सालची फ्रान्सची अध्यक्षीय निवडणूक. राजा पळाला, प्रजासत्ताक आलं, आणि दहा डिसेंबरच्या रविवारी सगळ्या फ्रान्सनं पहिल्यांदाच आपला अध्यक्ष निवडला. मतदार घरून चिठ्ठी लिहून आणत आणि पेटीत टाकत. खेड्यांतले शेतकरी मिरवणुका काढून आले आणि त्यांनी मत दिलं ते नेपोलियनच्या पुतण्याला. का? तर चुलत्याचं नाव मोठं म्हणून. तीन वर्षं गेली नाहीत तोच त्या पुतण्यानं प्रजासत्ताकाचा गळा घोटला आणि पुढं स्वतःच बादशहा झाला. हे सांगताना मास्तरांचा आवाज फाटायचा. जणू परवाच घडलं होतं आणि त्यांच्याच घरात घडलं होतं.

"सगळ्या फ्रान्सनं म्हणजे बायकांनीसुद्धा?" मथुरानं पडद्याआडून विचारलं होतं.

"नाही, बाई. फक्त पुरुषांनी."

"मग सगळ्या कशाला म्हणता? अर्ध्या म्हणा."

सभागृह हसलं होतं. मास्तर मात्र हसले नव्हते. म्हणूनच मथुराच्या मनात त्यांना मान होता.

वाचनालयाला नवा अध्यक्ष निवडायचाच होता. मास्तरांनी सुचवलं की तीच तारीख आहे, वारही तोच, तर होऊ दे फ्रान्सच्या पद्धतीनं. सभासदांना गंमत वाटली. उमेदवार दोन. एक भाऊसाहेब आठल्ये. यांच्या आजोबांनी वाचनालय काढलं, आजोबांची तसबीर भिंतीवर होती, आणि नातवानं सभासद झाल्यापासून अकरा वर्षांत एक पुस्तक घरी नेलं नव्हतं. दुसरे शेट्ये वकील. निवडून आलो तर पहिल्याच सभेत बायकांना सभासद करून घेईन, असं त्यांनी छापून वाटलं होतं. मथुरानं त्यासाठी उंबरे झिजवून सत्तावीस बायकांच्या सह्यांचा अर्ज तयार ठेवला होता.

बाराला मतदान संपलं, कुलूपबंद पेटी तिजोरीच्या खोलीत हुसेनच्या पहाऱ्यात ठेवली आणि साडेचारला मोजायला बाहेर काढली. मतं पडली त्रेपन्न. शेट्ये एकतीस, आठल्ये बावीस.

पडद्याआडच्या बायकांनी एकमेकींचे हात धरले. तेवढ्यात भाऊसाहेब उठले. "पेटीत गडबड आहे! पस्तीस जणांनी मला भैरीची शपथ घेऊन शब्द दिलाय. दुपारी पेटीजवळ कोण होतं? हुसेन. आणि हुसेनच्या भावाला कोर्टातून फुकट कुणी सोडवलंन? शेट्यांनी!"

झालं. एकोणीस वर्षं इमानानं झाडलोट केलेला माणूस सगळ्यांच्या देखत चोर झाला. उद्या संध्याकाळी सहापर्यंत कबूल हो, नाहीतर फौजदार येतील, असं भाऊसाहेबांनी बजावलं. बारापासून साडेचारपर्यंत मी दारातून हललो नाही, एवढंच हुसेन म्हणाला. निवडणूक अधिकारी म्हणून सोहोनी मास्तर टेबलाशी बसले होते, तेही खाली मान घालून. चार रविवार गरजलेला माणूस, पण एक शब्द बोलला नाही.

२

दुसऱ्या दिवशी सकाळी हुसेनची बायको रझिया मथुराच्या दारात येऊन उभी राहिली. तिची पोर इशरत मथुराच्याच शाळेत होती.

"बाई, ह्यांनी काल रातीपासून अन्नाला हात लावला नाय. भिंतीकडं तोंड करून बसलेत. तुमी कायतरी करा."

"मी काय करणार, रझिया? मी तिथली सभासदसुद्धा नाही."

हे खरं होतं, पण पुरतं खरं नव्हतं. निकाल मथुराला हवा तसा लागला होता. उद्या मंगळवारी नव्या अध्यक्षांची पहिली सभा होती आणि अर्ज तिच्या घरच्या ट्रंकेत घडी करून ठेवलेला होता. आता त्या निकालाला नख लावायचं म्हणजे आपल्याच पानात माती कालवायची. एका शिपायाला शेट्ये वकील कसेही सोडवतील, असं तिनं रात्रभर स्वतःला समजावलं होतं.

रझिया तिच्याकडं बघत राहिली. "तुमचं काम झालं म्हनून गप ऱ्हानार काय, बाई?"

मथुराच्या कानशिलापर्यंत रक्त चढलं. राग रझियावर नव्हता, स्वतःवर होता. तिनं पायांत वहाणा सरकवल्या.

"एक सांग. हुसेन दुपारची नमाज कधी चुकवतो?"

"पावसात चुकवत नाय, तापात चुकवत नाय."

"काल?"

"दीड वाजता मशिदीत होते. माज्या भावानं बगितलंय."

भर सभेत हुसेन म्हणाला होता की बारापासून साडेचारपर्यंत मी दारातून हललो नाही. म्हणजे चोर म्हणून ज्याच्याकडं बोट दाखवलं जात होतं, तो खोटं बोलत होता.

३

वाचनालयाचे चिटणीस आप्पा पिलणकर हे सुपारीचे व्यापारी आणि भाऊसाहेबांचे उजवे हात. त्यांनी मथुराला ओसरीवरच थांबवलं.

"आत सभासदच येतात, बाई."

"मग पेटी बाहेर आणा. मला कुलूप बघायचंय. का त्यालाही सभासद व्हावं लागतं?"

मथुराच्या तोंडाला लागण्यापेक्षा पेटी आणणं सोपं, हे आप्पांना ठाऊक होतं. साधी सागवानी पेटी, वर फट, पुढं पितळी कुलूप. कुलपावर एक ओरखडा नव्हता.

"ह्याची किल्ली?"

"मास्तरांच्या जानव्याला. काल सकाळपासून तिथंच. ती चोरायची तर मास्तरांनाच उचलून न्यावं लागेल." आप्पा स्वतःच हसले. "ह्या हुसेननं खिळ्यानं उघडलंन असणार. ह्या लोकांना येतं ते."

"खिळ्यानं उघडलं तर ओरखडा कुठाय? आणि हे लोक म्हणजे कुठले हो, आप्पा? एकोणीस वर्षं तुमच्या तिजोरीची खोली तोच उघडतोय ना?"

आप्पांनी उत्तराऐवजी चिठ्ठ्यांचं पुडकं पुढं केलं. मथुरा ओसरीच्या पायरीवर बसली आणि तिनं त्रेपन्न चिठ्ठ्या मांडल्या. अक्षरं वेगवेगळी, शाई वेगवेगळी. कुणाचं वळण गोल, कुणाचं तिरकं. एका माणसाचं काम दिसत नव्हतं. तरी काहीतरी सलत होतं. तिनं सगळ्या चिठ्ठ्या पुन्हा पाहिल्या. मग आप्पांकडं पाहिलं.

"आप्पा, तुम्ही कोऱ्या कागदावर पहिलं काय लिहिता?"

"हा काय प्रश्न? श्री लिहितो. श्री घातल्याशिवाय मी धोब्याची यादी करत नाही."

"काल चिठ्ठीवर घातलात?"

"घातला तर. डोक्यावर श्री, खाली भाऊसाहेबांचं नाव."

"मग दाखवा तुमची चिठ्ठी ह्यातली."

आप्पांनी चष्मा नाकावर ओढला. पहिल्यांदा झरझर, मग हळूहळू त्यांनी पुडकं चाळलं. रत्नागिरीतल्या त्रेपन्न माणसांनी घरी बसून चिठ्ठ्या लिहिल्या. त्यांत व्यापारी, भिक्षुक, कारकून. आणि एकाही चिठ्ठीच्या डोक्यावर श्री नव्हता. गलबतवाले सुलेमानशेठ औषधाच्या यादीवरही बिस्मिल्लाचे सातशे शहाऐंशी घालतात, तो आकडाही कुठं नव्हता. पानाचा डाग नाही, घामानं पसरलेली शाई नाही. परीक्षेच्या कागदासारख्या स्वच्छ चिठ्ठ्या.

"काल मोजताना दिसलं नाही तुम्हाला?"

"मी कुठं बघितल्या? मास्तर वाचत होते, मी फळ्यावर रेघा मारत होतो." आप्पांचा आवाज खाली आला. "बाई, माझी चिठ्ठी ह्यात नाहीच हो."

"तुमचीच नाही, आप्पा. कुणाचीच नाही. पेटीतली एकूण एक चिठ्ठी बदललेली आहे."

४

दोन चिठ्ठ्या मागून घेऊन मथुरा कोर्टाच्या रस्त्याला लागली. एक शेट्यांच्या नावाची, एक भाऊसाहेबांच्या. ती स्वतःशीच धुसफुसत होती. चार मतं घुसडली असती तर समजलं असतं. इथं पुरी पेटी बदलली, आणि बदलणाऱ्यानं हरणाऱ्यालाही बावीस मतं मोजून दिली, निकाल खरा वाटावा म्हणून! हे खिळा घेऊन फिरणाऱ्याचं काम नव्हे.

शेट्ये वकील कोर्टाच्या आवारात वडाखाली भेटले. तिनं सांगितलेलं ऐकून त्यांचा चेहरा उतरला. पण वकिलाचा चेहरा फार वेळ उतरलेला राहत नाही.

"बाई, हे आणखी कुणाला बोललात?"

"आप्पांना माहीत आहे."

"आप्पा बोलले तर मी बघतो काय ते. मी ह्यातलं काही केलेलं नाही, भैरीशपथ. पण झालंय ते झालंय. तुम्हाला सभासदत्व हवंय की नको?"

"आणि हुसेन?"

"हुसेनचं वकीलपत्र मी फुकट घेतो. सहा महिन्यांत सोडवतो."

"सहा महिने त्याच्या पोरीला चोराची पोर म्हणतील, त्याची भरपाई कुठल्या कलमाखाली मिळते?"

शेट्ये हातातले कागद चाळू लागले. हा माणूस घाबरट होता, संधिसाधू होता, पण खोटं बोलत नव्हता. पेटी त्यानं बदलली असती तर आश्चर्य वाटल्याचं सोंग जास्त चांगलं वठवलं असतं.

हुसेन घरी तसाच भिंतीकडं तोंड करून बसला होता. मथुरा उंबऱ्यावर बसली.

"हुसेन, काल दीड वाजता तू मशिदीत होतास. खोलीची किल्ली कुणाकडं दिलीस?"

हुसेननं भिंतीवरची नजर काढली नाही.

"आप्पांकडं दिली असतीस तर कालच सांगितलं असतंस. भाऊसाहेबांचं नाव तर ओरडून घेतलं असतंस. ज्याचं नाव तुझ्या जिभेवर येत नाही असा माणूस आहे तो."

हुसेन वळला. डोळे लाल होते. "बाई, मना दोनच मानसांनी मानूस म्हनून वागवलंय. वकिलसायबांनी माजा भाव सोडवला. मास्तरांनी धा वरसांमागं मना ह्याच वाचनालयात बसवून अक्षर शिकवलं. म्हनाले, पुस्तकांची धूळ झाडतोस, एक वाचून तरी बग."

"त्या दोघांतला कोण?"

"नाव घेतलं तर माजं तोंड काळं व्हईल. नाय घेतलं तर नुसता तुरुंग हाय." त्यानं पुन्हा भिंतीकडं तोंड केलं. "जावा तुमी."

५

शाळा भरायची वेळ झाली होती. मोठ्या वर्गाच्या मुलींना सोमवारी पाटीऐवजी कागद मिळे, आठवड्यातून एकदाच, कारण कागद महाग. मथुरानं निबंधाचा विषय फळ्यावर लिहिला आणि खिडकीशी उभी राहिली. डोकं कामात नव्हतं. वकील की मास्तर? वकिलानं केलं म्हणावं तर त्याच्याकडं पेटीची किल्ली नाही. मास्तरांनी केलं म्हणावं तर... ते वाक्य तिला मनातसुद्धा पुरं करवेना. आणि इतकी वेगवेगळी अक्षरं कुठून आणली? पन्नास माणसं कटात घ्यायची तर रत्नागिरीत ती गोष्ट दुपारच्या जेवणापर्यंत टिकली नसती.

वर्गात कागदांची सळसळ झाली. मथुरानं सहज वळून पाहिलं.

पंचवीस मुली, पंचवीस कागद. आणि प्रत्येक मुलगी कागदाची डावी कड दोन बोटं दुमडून नखानं दाबत होती. समास. तिनंच लावलेली शिस्त होती ती, आणि प्रत्येक शाळेत प्रत्येक मास्तर हीच शिस्त लावतो. समास पाडल्याशिवाय कागदावर टाक टेकवायचा नाही. शाळा सुटली की वर्षा-दोन वर्षांत सुटते ती सवय. दुकानदार समास पाडत नाही. भिक्षुक पाडत नाही.

मथुरानं कनवटीच्या दोन चिठ्ठ्या काढल्या आणि उजेडात धरल्या. मधे आडवी घडी होती, ती पेटीत टाकण्यासाठी घातलेली. आणि डाव्या कडेला आणखी एक घडी, उभी, दोन बोटांची, नखानं दाबलेली. शेट्यांच्या चिठ्ठीवर होती. भाऊसाहेबांच्या चिठ्ठीवरही होती. सकाळी पायरीवर मांडलेल्या सगळ्याच चिठ्ठ्यांना कडेची ती घडी होती, आणि तिनं ती नुसती मोडलेली कड समजून सोडून दिली होती.

पन्नास पोरं. फक्त नाव लिहा म्हटलं की फक्त नाव लिहिणारी, श्रीसुद्धा न घालणारी. कशासाठी म्हणून न विचारणारी. असली पन्नास पोरं आणि पेटीची किल्ली, दोन्ही रत्नागिरीत एकाच माणसाच्या हाती होती.

आपलेच दात, आपलेच ओठ. मथुराला ओरडावंसं वाटलं. तिनं मुलींना लिहायला सांगितलं, शेजारच्या बाईंना वर्ग बघायला सांगितला आणि इंग्रजी शाळेची वाट धरली.

६

मधल्या सुटीत सोहोनी मास्तर आपल्या वर्गात एकटेच बसले होते. मथुरानं दोन चिठ्ठ्या त्यांच्या मेजावर ठेवल्या आणि कडेच्या घडीवर बोट ठेवलं.

"पोरांना काय सांगितलंत?"

मास्तरांनी नाकबूल केलं नाही. तेवढा तरी माणूस उरला होता. "सांगितलं, फ्रान्सचे मतदार व्हा. निम्म्यांना एक नाव दिलं, निम्म्यांना दुसरं. शनिवारी. हवेत त्याहून जास्तच लिहून घेतले." त्यांनी चष्मा काढला. "बाई, शुक्रवारी मी बाजारातून फिरलो. ज्याला त्याला विचारलं, मत कुणाला? म्हणे, आठल्यांना. का? तर आजोबांचं नाव मोठं. चार रविवार घसा फोडून सांगितलं होतं मी! तेच लोक पुढच्या रांगेत बसून टाळ्या वाजवत होते!"

"म्हणून पेटी बदललीत."

"फ्रान्समध्ये त्या दिवशी कुणीतरी बदलली असती तर? प्रजासत्ताक वाचलं असतं!"

"मेलं असतं! त्याच दिवशी मेलं असतं, तुमच्या हातून. पुतण्याला निदान तीन वर्षं लागली." मथुराचा आवाज वर्गाबाहेर जात होता, जाऊ दे. "निवडणूक अधिकारी होतात तुम्ही. कुंपणानंच शेत खाल्लं तर दाद कुणाकडं मागायची?"

"मी माझ्यासाठी काही केलेलं नाही. तुमच्यासाठी केलं. त्या दिवशी तुम्ही अर्धा फ्रान्स म्हणालात ना, ते मला झोपू देत नव्हतं. सत्तावीस बायका वाचू लागल्या असत्या, बाई. सत्तावीस घरं."

"आणि त्यासाठी हुसेन चोर?"

मास्तरांनी मान खाली घातली. काल घातली होती तशीच.

"तो तुमच्यासाठी तुरुंगात जायला निघालाय. तुमचं नाव घेत नाही. तुम्ही शिकवलेल्या अक्षरांचे उपकार फेडतोय. आणि तुम्ही काल त्याच्याकडं वर मान करून बघितलंसुद्धा नाहीत! गरिबाचं बोट धरून त्याला लिहायला शिकवायचं आणि पहिल्या संकटात त्याच बोटावर डाग लावायचा. मला सांगा, भाऊसाहेब काय वाईट हो तुमच्यापेक्षा? तो निदान उघडउघड शिव्या देतो."

बाहेर पोरं हुतूतू खेळत होती.

"खऱ्या चिठ्ठ्या कुठं आहेत? जाळल्यात?"

मास्तरांनी झटकन वर पाहिलं. शेत खाणारं कुंपण म्हटल्यावर जो माणूस दुखावला नव्हता, तो आता दुखावला. "जाळीन? कागद? मी?"

त्यांनी मेजाचा खण उघडला. दोऱ्यानं बांधलेलं पुडकं, वर सुवाच्य अक्षरात पट्टी: रत्नागिरी, १० डिसेंबर १९३३, मूळ मतपत्रिका. आयुष्यभर दुसऱ्यांनी जपलेल्या कागदांवर जगलेला माणूस स्वतःच्या चोरीचा कागदही फाडू शकला नव्हता. मथुरानं दोरा सोडला. श्री, श्री, श्री. एकावर सातशे शहाऐंशी. एकीला चुन्याचं बोट लागलेलं, एक तेलकट.

"आठल्ये एकोणचाळीस, शेट्ये चौदा," मास्तर म्हणाले. "काढलं मी प्रमाण. शंभरात चौऱ्याहत्तर. फ्रान्सनं पुतण्यालाही शंभरात चौऱ्याहत्तरच दिली होती." ते हसायला लागले आणि हसताना त्यांचे डोळे भरले.

"सहा वाजता हे घेऊन सभागृहात या. नाही आलात तर मी बोलेन."

"तुमचा अर्ज बुडेल, बाई. पाच वर्षं तरी."

"माहीत आहे मला!"

मास्तरांनी पुडकं तिच्या हातातून ओढून घेतलं आणि छातीशी धरलं. "तुमच्याकडं पुरावा म्हणून काय आहे? दोन चिठ्ठ्यांची कड. माझ्या नावापुढं तुमच्या शब्दावर कोण विश्वास ठेवील?"

७

सहा वाजले. फौजदार दाराशी खुर्ची टाकून बसले होते. हुसेन मधे उभा. मास्तर आले नव्हते. सव्वासहा झाले तसे भाऊसाहेब म्हणाले, "चला, फौजदारसाहेब, आपलं काम करा."

मथुरानं चिकाचा पडदा उचलला आणि ती सभागृहात शिरली. वाचनालय निघाल्यापासून त्या बाजूला कुणा बाईचं पाऊल पडलं नव्हतं. एक-दोघं उठून उभे राहिले, एकानं "अहो, बाई!" म्हटलं.

"बसा खाली. चोर सोडून संन्याशाला फाशी देताय, ते आधी थांबवा." आणि तिनं सांगितलं. त्रेपन्न चिठ्ठ्या आणि एकावरही श्री नाही, म्हणजे लिहिणारे तुम्ही नव्हेत. सगळ्यांच्या डाव्या कडेला समास, म्हणजे लिहिणारी शाळेतली पोरं. कुलपाला ओरखडा नाही, म्हणजे ते किल्लीनंच उघडलं. "हुसेन नमाजला गेला तेव्हा दारात ज्याला बसवून गेला, त्याच्या जानव्यालाच ती किल्ली होती. नावं वाचली त्यानंच, म्हणून चिठ्ठ्या कुणी जवळून पाहिल्या नाहीत."

क्षणभर कुणाला समजलं नाही. मग समजलं, आणि सभागृह तिच्या अंगावर आलं. देवमाणसावर आळ घेते! बाईमाणसाला अक्कल ती किती! सगळ्यांच्या वर आवाज होता तो हुसेनचा. "बाई, गप बसा! गप बसा तुमी!"

"तिला नाही," दारातून आवाज आला. "मला विचारा."

सोहोनी मास्तर आत आले. त्यांनी पुडकं टेबलावर ठेवलं, जानव्याची किल्ली सोडून त्यावर ठेवली आणि हुसेनसमोर जाऊन उभे राहिले. त्यांनी हात जोडले. हुसेननं तोंड फिरवलं. तो रडत होता.

चिठ्ठ्या पुन्हा मोजल्या. या वेळी आप्पांनी स्वतः वाचल्या, आपली चिठ्ठी आल्यावर दोनदा वाचली. आठल्ये एकोणचाळीस, शेट्ये चौदा. टाळ्या पडल्या. शेट्ये वकील खिडकीबाहेर बघत होते.

भाऊसाहेब तसबिरीखाली जाऊन उभे राहिले आणि उदार झाले. "फौजदारसाहेब, तुम्हाला उगीच त्रास झाला. घरचाच मामला आहे. मास्तर विद्वान गृहस्थ, भावनेच्या भरात झालं. ते सन्मानानं राजीनामा देतील, विषय संपला. आप्पा, साहेबांना पानसुपारी द्या. हुसेन, दिवे लाव."

हुसेन दिव्याकडं निघालासुद्धा. मथुरानं त्याची वाट अडवली.

"थांब. काल त्याच्यासाठी पुराव्याशिवाय फौजदार आणि आज मास्तरांसाठी पुराव्यासकट पानसुपारी? आधी माफी मागा त्याची. काल सगळ्यांच्या देखत चोर म्हणालात, आज सगळ्यांच्या देखत मागा. दिवे मग लागतील."

सभागृहात अंधार वाढत होता. भाऊसाहेबांनी आप्पांकडं पाहिलं, आप्पांनी जमिनीकडं. शेवटी कुणाला ऐकू जाईल न जाईल इतक्या आवाजात भाऊसाहेब म्हणाले, "चुकलं माझं, हुसेन." मग झटकन मथुराकडं वळले. असल्या घरच्या माणसांना देणं जमतं, मागणं जमत नाही. "बाई, आजच्या कामाबद्दल वाचनालय तुमचं ऋणी आहे. अध्यक्ष या नात्यानं माझा पहिला हुकूम. तुम्हाला खास बाब म्हणून आजपासून सभासद करून घेतो. वर्गणी माफ."

पडद्याआड बांगड्या वाजल्या आणि थांबल्या. सव्वीस जणी तिथं श्वास रोखून बसल्या होत्या.

मथुराला हवं होतं ते हेच. भिंतीवरच्या कपाटांत तीन हजार पुस्तकं होती. नुसतं हो म्हणायचं होतं.

"एकटीला?"

"सध्या एकटीलाच. बाकीच्यांचं पुढं बघू."

"मग ठेवा तुमच्याजवळ." तिचा आवाज थरथरत होता, आणि ते रागानं आहे हे सगळ्यांना कळत होतं. "तुम्ही खुशीत असलात की उघडणारं आणि रुसलात की बंद होणारं दार मला नको. मला बक्षीस नको, भाऊसाहेब. मला मत हवंय."

"मत?" भाऊसाहेब हसले. "ते तर सभासदांच्या बहुमतानं ठरेल, बाई. एकोणचाळीस माझ्याकडं आहेत."

"मोजलेत मी," मथुरा म्हणाली आणि पडद्याकडून न जाता सरळ पुढच्या दारानं बाहेर पडली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता ती सत्तावीस सह्यांचा अर्ज घेऊन आप्पा पिलणकरांच्या दुकानात उभी होती, आणि ती सुपारी घ्यायला आलेली नव्हती.